अर्धीच घ्या की

पुरणाची पोळी गोल असते, हे भूमितीपुरतं ठीक आहे. व्यवहारात, निदान सोलापूर शहराच्या हद्दीत आणि सणासुदीच्या दिवसांत, पूर्ण पोळी अस्तित्वातच नसते. इथं पोळीचं मान्यताप्राप्त एकक 'अर्धी' हे आहे. अर्धी पोळी आग्रहात मोडते, खाण्यात मोडत नाही. त्यामुळे ती पोटात जाते, पण हिशेबात येत नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण ज्यानं केला तो लोककल्याणकारी माणूस असणार. (त्याला मधुमेह असावा.)

संगप्पा यांची या नियमावर अढळ श्रद्धा होती. जन्मभर चादरीचं दुकान चालवून ते आता घरी बसले होते, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं: रक्तातली साखर खाली आणा, लगेच ऑपरेशन करू. ती गौरीनंतर खाली आली नाही, दिवाळीनंतरही आली नाही. आता संक्रांत आणि तिला धरून सिद्धरामेश्वरांची जत्रा तोंडावर आली होती. जत्रा संपली की लगोलग रक्त तपासायचं ठरलं होतं.

या खेपेला मात्र संगप्पांनी मनावर घेतलं होतं. गेल्या जत्रेत ते नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला नेहमीच्या जागी उभे होते. हलगी वाजत होती, लोक हात जोडत होते. त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "नंदीध्वज आले का?" तो म्हणाला, "गेले की वो." संगप्पा तडक घरी आले. माणूस घाबरला होता, दुसरं काही नाही.

लेक सिद्धेश्वरी पुण्यात असते आणि मोबाईलवर आहारशास्त्राचा कोर्स केलेली आहे. तिनं सणापुरती आचारसंहिता जाहीर केली. जेवणाआधी काकडी. जेवणानंतर फेरी. भात बंद. पोळी एकही नाही. संगप्पांनी आचारसंहिता बिनविरोध स्वीकारली आणि शेवटच्या कलमाचा बारकाईनं अभ्यास केला. एकही नाही म्हणजे एकही नाही. अर्धीबद्दल कलमात अवाक्षर नव्हतं.

भोगीला चुलतभावाकडे जेवण होतं. संगप्पांनी काकडी मागून घेतली. सगळ्यांनी कौतुक केलं. मग वहिनी सुंदरम्मा पोळीचं ताट घेऊन आल्या.

"नको वो वैनी. डोळ्याचं ऑपरेशन हाय."

"म्हणून तर अर्धी देतोय. अर्धीच घ्या की! अर्धीनं काय हुतंय?"

वैद्यकशास्त्राला या प्रश्नाचं उत्तर अद्याप देता आलेलं नाही. संगप्पांनी ताट पुढं केलं. त्यांनी अर्धी घेतली. एकट्या अर्धीनं पाहुणा उपाशी उठल्यासारखा दिसतो, म्हणून दुसरी आली. तिच्यावर तूप आलं. (कोरडी पोळी पचायला जड असते, असं सुंदरम्मांचं मत आहे आणि ते खोडायला कुणी पुढं आलेलं नाही.) तिसरी "हिच्या हातची" म्हणून आली, कारण ती नव्या सुनेनं लाटली होती आणि नव्या सुनेचं मन मोडणं हा कुठल्याच पथ्यात बसणारा प्रकार नाही.

जत्रेच्या दिवसांत संगप्पा असे अनेकांच्या घरी जेवले. प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी हात धरून चालत गेले, रिक्षा केली नाही. व्यायामाचं कलम असं परस्पर पाळलं गेलं. अर्धीपलीकडे त्यांनी कुठंही पाऊल टाकलं नाही, आणि रोज संध्याकाळी लेकीला फोनवर छाती पुढं काढून सांगितलं, "एकबी पोळी खाल्ली न्हाय."

शेवटचं जेवण घरचं होतं. पत्नी रत्नम्मा यांनी वाढलं. संगप्पांना ताटातलं दिसत नव्हतं. जे काय दिसायचं ते पांढुरक्या धुक्यासारखं. त्यांनी पोळी चाचपली. अर्ध्या पोळीची एक कड सरळ पण फाटकी लागते. पुरण बोटाला लागतं. इथं ती कड गुळगुळीत होती. घडीची होती. अख्खी पोळी दुमडून ठेवली होती.

"रत्ना, ही अर्धीच ना?"

रत्नम्मांनी पोळीवर तूप सोडलं. सणाच्या दिवशी नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नव्हता, आणि त्याचे डोळे जातील या भीतीनं रात्ररात्र झोपही लागत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. "अर्धीच की वो," त्या म्हणाल्या.

संगप्पांनी मागची सगळी घरं आठवून बघितली. बोटाला फाटकी कड कुठंच लागली नव्हती. मग ते जेवले. विषयावर चर्चा झाली नाही, म्हणजे ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

जत्रेनंतरच्या तपासणीत साखर तीनशेच्या वर आली.

"खरं सांगा, किती पोळ्या खाल्ल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकबी न्हाय," संगप्पा म्हणाले. पण या वेळी आवाज पडला होता.

डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. आता शिवरात्रीनंतर बघू, म्हणाले. (शिवरात्रीला उपास असतो. उपासाला रताळ्याचा शिरा असतो. तोही थोडाच घ्यायचा असतो.) निघताना रत्नम्मांनी रीतीप्रमाणे शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळीचा डबा टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणाले, "अहो, मलाही शुगर आहे." मग म्हणाले, "बरं, अर्धीच द्या."

यंदाच्या जत्रेतही संगप्पा नेहमीच्या जागी उभे होते, हे सांगायचं राहिलं. हलगी जवळ आली तसं त्यांनी विचारलं, "आले का?" रत्नम्मांनी त्यांचा खांदा धरून त्यांना हळूच त्या दिशेला वळवलं. "समोरच हायेत," त्या म्हणाल्या. संगप्पांनी हात जोडले आणि दिसल्यासारखी मान डोलावली.

वाचकांना हसू आलं असेल तर हसावं. फक्त पुढच्या सणाला ताटात अर्धी आली की तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवावं. खरं तर तुम्हाला बोटाचीही गरज नाही. तुमचे डोळे शाबूत आहेत, घडी तुम्हाला लांबूनही दिसते. म्हणून तर जेवताना तुम्ही ताटाकडे न बघता टीव्हीकडे बघता.