सोनवण्यांचा लाल टॅग

आमचे शेजारी सोनवणे कुणाचीही सही दिसली की आधी ती उजेडात धरतात. सोसायटीची पावती असो, नाहीतर पोराचं प्रगतिपुस्तक. खिशातून भिंग काढायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हात थांबलाय राव इथं."

संत तुकाराम नगरात आमची दारं समोरासमोर, आणि चाकणला कंपनीही एकच. ते क्वालिटीत. दिवसभर पार्ट तपासायचे, वाईट निघाला की लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. ते घरी आणू नये, एवढंच माझं म्हणणं.

खेळाडूंच्या सह्या जमवायचा नाद अलीकडचा. पहिलीच खरेदी म्हणजे ऑनलाइन मागवलेली, एका मोठ्या फलंदाजाच्या सहीची बॅट. बिल्डिंगभर पेढे वाटले. मग भिंग लावून बघतात तर सही नुसती बारीक ठिपक्यांची. छापलेली! बरेच दिवस माणूस धड जेवला नाही. तेव्हापासून प्रत्येक सहीवर संशय.

"खरा खेळाडू सही करतो ती पळत," कंपनीच्या बसमध्ये मी डुलकी काढायला लागलो की ते शिकवणी सुरू करायचे. "रेघ शेवटी उडून जाते बघा. नक्कल करणारा चित्र काढतो. थांबतो, बघतो, पुन्हा लावतो. थांबला की शाई साचते. सापडला!"

माझ्या मेव्हण्याकडे आख्ख्या टीमच्या सह्यांचा चेंडू आहे. त्याच्या वास्तुशांतीला मी सोनवण्यांना घेऊन गेलो, ही माझी अक्कल. शोकेससमोर उभं राहून गृहस्थ म्हणाले, "सगळ्यांचा एकच पेन, एकच दाब? रिजेक्ट!" मेव्हणा तेव्हापासून माझ्याशी फक्त बायकोमार्फत बोलतो.

तरी मलाच पुळका. त्यांच्या बोलण्यात रहाटणीच्या किसनअण्णांचं नाव सारखं यायचं. अण्णा जुने कबड्डीपटू. सोनवण्यांनी लहानपणी त्यांच्या चढाया पाहिलेल्या. माझा मावसभाऊ अण्णांच्याच गल्लीत राहतो. त्याला सांगून मी एका जर्सीवर अण्णांची सही मिळवली आणि वाढदिवसाला बसमध्येच सोनवण्यांच्या हातात ठेवली.

भिंग निघालं. आख्खी बस वळून बघायला लागली.

"सगळी थरथर. इथं थांबलाय, इथं पण थांबलाय, इथं तर पेन उचललाय. भावानं बनवलं तुम्हाला." आणि या भल्या माणसानं बॅगेतून लाल टॅग काढून जर्सीला बांधला.

माझं डोकंच फिरलं. "रविवारी चला रहाटणीला! अण्णांनाच विचारू."

"चला की. घाबरतो काय मी?"

गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातानं तो सावरून धरलेला. लकवा मारून गेला होता. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून मावसभाऊ मला काही बोललाच नव्हता.

"जर्सीवाले तुमीच व्हय?" अण्णा हसले. "जमली का सही? बोटं ऐकत न्हाईत आता. दम खात खात केली बगा. लई सालांनी कुणीतरी मागितली. आणलीय का? बगू."

टॅग जर्सीला तसाच होता. सोनवण्यांनी पिशवीतून जर्सी काढली. अण्णांनी तो लाल कागद उलटासुलटा केला. "ह्ये काय?"

सोनवणे म्हणाले, "आमच्या कंपनीत लाल टॅगच्या वस्तूला कुणी हात लावायचा नसतो, अण्णा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. अण्णा खूश झाले. सोनवणे मात्र मान खाली घालून बसले. इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नाही. माझा सगळा राग गेला.

मग त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला. "अजून एक द्याल? वर नाव घाला. गोरख्या."

"गोरख्या?"

"वडील तुमचा खेळ बघायला मला खांद्यावर घेऊन यायचे. तेच म्हणायचे गोरख्या. ते गेल्यापासून तशी हाक मारणारं कुणी राहिलं नाही."

अण्णांनी डाव्या हातानं उजव्याच्या बोटांत पेन बसवला. सोनवण्यांनी कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. पेन टेकला, जरा सरकला आणि थांबला.

"गोरख्या," अण्णा म्हणाले, "कागद नीट धर की लेका. तूच हलिवतुयास."