सासूबाईंची दाढ आणि दोन अँटिव्हायरस

“एकाच्याच भरवशावर राहतो तो मूर्ख!” असं ठणकावून सांगत दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर दुसरा अँटिव्हायरस चढवला. पहिला होताच.

“सर, कॉम्प्युटरवाला म्हणाला होता, एकच ठेवा म्हणून,” रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या.

“त्याला काय जातंय सांगायला! सगळ्या पेशंटचे एक्स-रे आहेत यात. एकाची नजर चुकली, तर दुसरा पकडेल!”

खुर्चीत आडव्या पडलेल्या सासूबाई हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. मुलगी देताना त्यांनी या जावयाला बरंच झुलवलं होतं, आणि दाढ देतानाही काही कमी झुलवलं नव्हतं. गेला आठवडाभर नुसतं “बघू, सांगते” चाललं होतं. आज कशाबशा आल्या होत्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आता जबडा बधिर होईपर्यंत एक्स-रेवर शेवटची नजर टाकायची, एवढंच उरलं होतं. शेजारशेजारच्या दोन दाढा वरून अगदी जुळ्या बहिणी, पण एकीचं मूळ तडकलेलं. चुकून धडधाकट दाढ उपटली असती, तर घरातल्या प्रत्येक समारंभात सासूबाईंनी ते भगदाड पाहुण्यांना उघडून दाखवलं असतं!

त्यांनी एक्स-रेचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर लाल चौकट आली. ‘धोका! घातक प्रोग्राम सापडला!’ पहिल्या अँटिव्हायरसने पकडलेला हा घातक प्रोग्राम म्हणजे दुसरा अँटिव्हायरस होता. तेवढ्यात दुसऱ्याने पहिल्याची गचांडी धरली. ‘संशयास्पद हालचाल!’ आणि या मारामारीत दोघांनी मिळून एक्स-रेच्या प्रोग्रामलाच कोठडीत टाकलं. एकमत झालं ते फक्त तिथे!

“अरे, तुम्ही दोघं एकाच बाजूचे आहात!” डॉक्टर पडद्यावर खेकसले. माउस जागचा हलेना. पंखा घरघरू लागला. बंद करून पुन्हा चालू केलं, तर पुन्हा तीच हमरीतुमरी. नवा एक्स-रे काढावा, तर तोही याच मेल्या कॉम्प्युटरवर दिसणार!

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

“दोन टाकलेत? मग एकमेकांनाच चोर समजणार ते. एक काढून टाका.”

“काढायला बटण तर दाबलं गेलं पाहिजे ना!”

“मग उद्या येतो.”

“उद्या? इथे माझ्या सासूबाई तोंड उघडून बसल्यात!”

“मग मी परवाच येतो,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. काय हा उद्धटपणा!

इतक्यात सासूबाईंनी पर्सकडे बोट दाखवलं. बाईंनी ती दिली. आतून एक पाकीट निघालं आणि पाकिटातून एक्स-रे! जबडा तोच, तारीख कालची, आणि कोपऱ्यात शिक्का होता समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरचा!

आपले डॉक्टर लालबुंद झाले. समोरच्याचं मत घेऊन आलेल्या पेशंटला ते उभ्या उभ्या परत पाठवत. आणि इथे घरातच फितुरी!

“आई, तुम्ही त्याच्याकडे गेलात? माझ्यावर विश्वास नाही?”

सासूबाईंनी तोंडातला कापूस काढला आणि अर्ध्या बधिर ओठांनी सावकाश म्हणाल्या, “एकाच्याच भरवशावर राहतो तो मूर्ख. आत्ताच म्हणालात ना, जावईबापू?”

रिसेप्शनच्या बाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या.

डॉक्टरांनी धुमसत एक्स-रे दिव्यासमोर धरला. तडकलेली दाढ स्वच्छ दिसत होती. शेवटची नाही, तिच्या अलीकडची! त्यांनी मुकाट्याने ती काढली. पण राग काही गिळवेना.

“एवढा तो हुशार, तर दाढही त्याच्याकडूनच काढून घ्यायची होती!”

“छे! त्याने नुसतं बघायचं,” गालाला बर्फ लावत सासूबाई म्हणाल्या. “तोंडात हात घालायला एकच बरा. दोघं एकदम शिरलात, तर माझी दाढ राहील बाजूला आणि एकमेकांचीच बोटं उपटत बसाल.”

त्या पर्स उचलून बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. लाल चौकटी अजून नाचत होत्या.

“बाई,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले, “त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावा. आणि सांगा, सासूबाई गेल्या.”