दाजीबांचे तीन खोकले

दाजीबा रिकाम्या खोलीतही खोकल्याशिवाय शिरत नसत. उंबऱ्याशी थांबायचे, एकदा खाकरायचे, श्वासभर वाट पाहायचे आणि मगच पाऊल आत. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आवं, जुनं घर हाय. कोन बसलं असंल तर उठून जाईल न्हवं."

त्या दिवसापासून माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर मी कधी बसलो नाही.

घर कुणा सरदाराचं, रहिमतपूरजवळच्या एका गावातलं. नव्या मालकांनी डागडुजी करून ते वाटसरूंच्या मुक्कामासाठी उघडलं होतं. चुन्याचा गिलावा दाजीबांच्या हातचा. काम संपलं आणि रखवालीला तेच राहिले. गिलाव्याला तीन वर्षं झाली, तरी कुणी टेकलं की ओरडत, "पाठ लावू नगा! चुना अजून कवळा हाय." एका जाडजूड गूळव्यापाऱ्याला त्यांनी जेवण होईतो ताठ बसवलं होतं.

बेचाळीस साल सरत आलेलं. मी सरकारी कारकून, आसपासच्या शाळांची दप्तरं तपासायला महिनाभर तिथं उतरलो होतो. चळवळीतल्या फरारी लोकांसाठी रोज कुठं ना कुठं झडती. गाव मला सरकारचा माणूस म्हणून टाळायचं, आणि सरकारला मी गावाला फितूर वाटत असेन, अशी मला धास्ती. दाराची कडी हलली तरी मी लिहिता लिहिता थांबायचो.

त्यात एक गोष्ट ध्यानात आली. इतरांच्या दाराशी दाजीबा एकदा खोकत, माझ्या दाराशी तीनदा. मोजून. हा इशारा कुणाला? माडीवर कुणी लपलंय का? मला जेवण जाईना.

पंधरवडा उलटला तेव्हा फौजदारानं चौकीत बोलावलं. दरडावलं नाही, खुर्ची दिली. "तिथं काही वावगं दिसतं का?" एवढंच विचारलं.

"तो रखवालदार माझ्या दाराशी तीनदा खोकतो," मी सांगून टाकलं.

भर दुपारी झडती झाली. भिंती पोकळ आहेत का पाहायला पहारीनं गिलावा फोडला. सापडलं काहीच नाही, तरी दाजीबांना आठ दिवस कोठडीत ठेवलं. मी अंगणात उभा होतो, आपण खोटं बोललो नाही असं स्वतःला बजावत.

सुटून आले तेव्हा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. डाव्या हातानं भिंतीची भोकं चाचपत म्हणाले, "म्हनत व्हतो न्हवं, कवळा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या दारापासून चार हात लांबच थांबले. खोकले नाहीत.

"फौजदारानं दम दिलाय, परत खोकलास तर बघ म्हनून. आता तुमचं कसं करायचं, रावसाहेब?"

"माझं?"

"आवं, पयल्या दिशी एकदाच खोकून आत आलो, तर केवढ्यांदा दचाकला तुमी! दौत सांडली. लय भ्यालेलं मानूस हाय म्हनलं. तवापास्नं तुमच्यासाठनं दोन जादा."

त्यांनी थोडा विचार केला, तांब्या खाली ठेवला आणि नखानं वाजवला. टण्. टण्. टण्.

"ह्ये चालंल?"

"चालेल," मी म्हणालो.

सांगायचं होतं ते दुसरंच. ते आज सांगतोय, दाजीबा ऐकायला नाहीत तेव्हा.