गबाजीची नजर आणि शहाण्यांचे तुंबे

एका जंगलात, बाळांनो, जिथे झाडांच्या खालोखाल समित्या उगवत, तिथे गबाजी नावाचं एक अस्वल राहत होतं.

गबाजीची अक्कल जरा सावकाश चालायची. नव्हती असं नाही हं. होती, पण मागून यायची. सकाळी सांगितलेला विनोद त्याला दुपारी समजायचा, आणि मग तो करवंदीच्या जाळीत एकटाच पोट धरधरून हसायचा. डावा-उजवा ओळखायला त्याला आधी खाजवून बघावं लागे, कारण डाव्या पंजाला लहानपणी मधमाशी चावली होती आणि तिथे अजून खाज सुटायची.

पण गबाजीला एक काम मात्र झकास जमायचं. रोज सकाळी तो जंगलातल्या पिल्लांना पाठीवर बसवून ओढ्यापलीकडे सारसबाईंच्या शाळेत पोचवायचा. सशाची पोरं मानेवर, माकडाचं पोर डोक्यावर, आणि साळिंदराचा काट्या मधोमध. काट्याला दुसरं कुणी उचलूनच घेत नसे. कोण घेईल? घेतला की दिवसभर काटे उपसत बसायचं. पण गबाजीची केसाळ पाठ म्हणजे काट्याला गादीच. तो वर बसून ओरडायचा, "गबामामा, जोरात!" आणि गबाजी आणखी हळू चालायचा, कारण जोरात चाललं की पोरं पडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हे काम गबाजीला जिवापलीकडे प्रिय होतं. ते नीट लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

आता खरी भानगड सांगतो. जंगलाच्या मध्यावर मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याची फुलं खालच्या खडकाच्या खळग्यात पडत, पाण्यात आंबत, आणि संध्याकाळपर्यंत असा वास सुटे की जंगलातले सगळे मोठे प्राणी आपापली कामं टाकून तिथे जमत. स्वतः ढाण्यामहाराज वाघ येत. कोल्हेवकील येत. तरस येई. हे लोक तिथे दारू पीत नसत बरं का. ते विचारविनिमय करीत. विचार संपेपर्यंत विनिमय चाले.

आणि पोकळ भोपळ्यात भरलेला पहिला तुंबा ते नेहमी गबाजीच्या हातात देत. "घे रे गबा, तू आपला माणूस!" गबाजीच्या आईने त्याला एकच गोष्ट शिकवली होती, पण ती अगदी घोटून घोटून. कुणी प्रेमानं दिलं तर नाही म्हणू नये. गबाजी नाही म्हणत नसे. एक तुंबा झाला की दुसरा येई. तिसऱ्याला गबाजी नाचायला लागे, आणि सगळी शहाणी मंडळी लोळून लोळून हसत. गबाजीला वाटे, किती दोस्त आहेत आपले!

व्हायचं तेच झालं. एका सकाळी ओढ्याच्या मधोमध गबाजीचे डोळे मिटले. पाठीवर पोरं, गळ्यापर्यंत पाणी, आणि हा बसला की घोरत! पोरांना वाटलं, नवा खेळ आहे. ती त्याच्या नाकात पाणी उडवू लागली. काठावरच्या आयांना मात्र तो खेळ वाटला नाही. त्यांनी आकाशपाताळ एक केलं, रेड्याला बोलावलं, आणि पोरं बाहेर काढली. काट्या तेवढा गबाजीच्या पाठीवरून हलेना. त्याला शेवटी वेलीने ओढून काढला.

लगेच सभा भरली. मोहाच्याच झाडाखाली भरली, कारण बसायला सावली तिथेच होती.

"गबाजीचं काम बंद!" ढाण्यामहाराज गरजले. "हा बरा होईपर्यंत पोरं रेडा नेईल."

"मी बराय, महाराज," गबाजी म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "नाही, नाहीये बरा. पण पोरं मला द्या ना परत."

त्याचा आवाज इतका रडवेला झाला की तरसालासुद्धा क्षणभर हसू आलं नाही.

तेवढ्यात एका पायावर उभे असलेले बगळेसर पुढे झाले. सर मोठे विद्वान. त्यांनी दुसरा पाय कधी जमिनीवर टेकवला नव्हता, म्हणून जंगलात त्यांचा फार दबदबा होता. ते म्हणाले, "महाराज, आपल्यासारखे बुद्धिमान प्राणी पितात ते सकारण पितात. कुणाला थकवा असतो, कुणाला राज्याची चिंता असते. गबाजीसारख्यांचं तसं नाही. त्यांची नजरच मोहाकडे आपोआप खेचली जाते. हा नजरेचा कल आहे. आधी तो मोजला पाहिजे. मग सरळ करता येईल."

"किती मासे लागतील?" महाराजांनी विचारलं.

"सुरुवातीला टोपलीभर," सर म्हणाले.

झाला की प्रयोग सुरू! पळसाची दोन पानं घेतली. एकावर कोळशाने मोहाचं फूल काढलं, दुसऱ्यावर पाण्याची घागर. दोन्ही पानं गबाजीसमोर एकदम धरायची आणि त्याची नजर आधी कुठे जाते ते बघायचं. पहिले काही प्रयत्न वाया गेले, कारण सर पान चोचीत धरत आणि "बघ!" म्हणायला चोच उघडत. पान पडे. गबाजी ते उचलून देई. शेवटी पानं धरायला माकडाला बसवलं.

गबाजीने मोहाच्या पानाकडे बघितलं.

"बघा, ओढ!" सर म्हणाले.

पुढच्या वेळी त्याने घागरीकडे बघितलं.

"बघा, लपवलेली ओढ!"

मग गबाजीने दोन्ही पानं सोडून माकडाच्या तोंडाकडे बघितलं. माकडाच्या दातात जांभूळ अडकलं होतं.

"फारच खोल गेलेली ओढ," सर हळहळले.

आता तुलना करायला शहाणे प्राणीही हवेत. म्हणून कोल्हेवकील, तरस आणि खुद्द महाराज यांची नजर मोजली. तिघांचीही नजर मोहाच्या फुलावर अशी चिकटली की माकडाने पान मागे नेलं तरी माना त्याच्यामागे गेल्या. कोल्हेवकिलांनी तर पान चाटलं.

माकड म्हणालं, "सर, यांचीही तिकडेच गेली की!"

"मूर्खा," सर म्हणाले, "गबाजीची नजर जाते ती ओढ. महाराजांची जाते ते निरीक्षण."

मग शिकवणी सुरू झाली. नियम सोपा. मोहाचं पान आलं की डाव्या पंजाने ढकलायचं. घागरीचं पान आलं की छातीशी ओढायचं. सोपा म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी. गबाजीला आधी डावा पंजा शोधावा लागे. तो खाजवायचा, सापडला की खूष व्हायचा, आणि तोपर्यंत पान गेलेलं असायचं. कधी तो घागर ढकली आणि मोह कवटाळी. एकदा त्याने माकडालाच ढकललं. पण गबाजी चिकाटीचा. पोरं परत मिळणार म्हटल्यावर तो रात्रंदिवस झाडाची पानं ढकलत सुटला. हळूहळू जमलं. एकदा जमलं ते असं जमलं की झोपेत कुणी मोहाचं पान नाकाशी नेलं तरी पंजा आपोआप पुढे येई.

सर आनंदाने दुसरा पाय टेकवता टेकवता राहिले. ते म्हणाले, "शाबास! हे घे तुझं मानधन."

आणि त्यांनी गबाजीला मोहाचा तुंबा दिला.

हसू नका. सगळ्या जंगलात मानाची वस्तू म्हणून दुसरं काही द्यायची पद्धतच नव्हती. बारशाला तुंबा, बाराव्याला तुंबा. गबाजीने तो प्रेमाने घेतला, प्रेमाने प्याला, आणि संध्याकाळी मंडळींसमोर नाचला. रोज सकाळी तो पानं ढकली आणि रोज संध्याकाळी तुंबे रिचवी.

काट्याची आई साळूबाई हे बघत होती. ती तडक सरांकडे गेली.

"सर, हा अजून पितोय."

"तो व्यवहार झाला, बाई," सर म्हणाले. "आम्ही कल मोजतो. पानावर त्याची प्रगती उत्तम आहे."

साळूबाईचे काटे उभे राहिले. काट्याला रेडा पाठीवर घेत नव्हता. पोर रोज काठावर बसून पलीकडच्या शाळेचे पाढे ऐकत होतं, आणि तेही अर्धेच ऐकू येत होते. ती गबाजीकडे गेली. तो जांभळीखाली डोकं धरून बसला होता.

"गबा, तू मोहाचं पान ढकलतोस ना?"

"ढकलतो की! बघ." त्याने हवेत ढकलून दाखवलं.

"मग तुंबा का ढकलत नाहीस?"

"तुंब्यावर चित्र कुठाय?"

साळूबाई त्याच्या शेजारी बसली, जरा अंतर ठेवून. "अरे, चित्रात आहे तेच तुंब्यात आहे. तेच मोहाचं फूल. फक्त आंबलेलं."

एक खारूताई झाडावर चढली, उतरली, पुन्हा चढली. मग गबाजीचे डोळे मोठे झाले.

"तेच? अगदी तेच?"

"तेच."

"मग साळूताई, ते मला ढकलायला शिकवतात आणि प्यायला पण देतात? का गं?"

"तू नाचतोस म्हणून. त्यांना मजा येते."

हे मात्र गबाजीला लगेच समजलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्याला ओढ्यातून पोरं काढली तेव्हाही वाटलं नव्हतं. "मला वाटलं, ते माझे दोस्त आहेत," तो म्हणाला. साळूबाईला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तिच्या अंगावर काटे. तिने नुसतं हं केलं.

"उद्या तुझा सत्कार आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "महाराज स्वतः तुंबा देतील. तो ढकल."

"पण आई म्हणायची, नाही म्हणू नये."

"नको म्हणूस नाही. तोंडच उघडू नकोस. नुसतं ढकल."

गबाजीने यावर पुष्कळ विचार केला. त्यात कुठे चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहाखाली सत्कार झाला. प्रयोग यशस्वी झाला म्हणून मंडळी आधीपासूनच यशस्वी होऊन बसली होती. रेडा तर दुपारपासूनच आला होता. कोल्हेवकिलांनी व्यसनमुक्तीवर भाषण केलं आणि ते संपल्यावर खाली बसायचे ते थेट आडवेच झाले. बगळेसर दोन्ही पायांवर उभे होते, कारण त्या दिवशी एकावर जमत नव्हतं.

ढाण्यामहाराजांनी सर्वांत मोठा तुंबा उचलला. "गबाजी, तू दारूला जिंकलंस! घे, हा तुझा मान!"

गबाजीने तुंब्याकडे बघितलं. वास नाकात गेला, आणि खरं सांगतो, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने गर्दीच्या कडेला बघितलं. तिथे साळूबाई उभी होती आणि तिच्या पायाशी काट्या. मग त्याने एक पंजा खाजवला.

आणि ढकलला! अस्वलाची ताकद ती. तुंबा थेट महाराजांच्या थोबाडावर. मोहाची धार त्यांच्या मिशांतून टपटप गळू लागली.

तरसाने बाजू सावरायला घाईघाईने आपला तुंबा पुढे केला. गबाजीने तोही ढकलला. सरांनी आपला केला. ढकलला! आडव्या कोल्ह्याने झोपेत वर केलेला तुंबाही त्याने नीट जाऊन ढकलला. मग कोपऱ्यातली पाण्याची घागर छातीशी ओढली आणि गटागटा प्याला. तोंडातून एक शब्द काढला नाही.

"उद्धट!" मिशा चाटत महाराज गरजले. "पीत होता तेव्हा निदान रीतभात होती!"

"आणि नाचायचा तरी," तरस म्हणाला.

"सर, हेच तर आपण शिकवलं ना?" माकडाने विचारलं.

"आम्ही पान ढकलायला शिकवलं होतं," बगळेसर थरथरत म्हणाले. "महाराज, याचा कल आता दुसऱ्या बाजूला गेलाय. उद्यापासून ओढायची शिकवणी सुरू करू. दोन टोपल्या लागतील."

ठराव झाला. गबाजीला सौजन्य येईपर्यंत पोरं रेड्याकडेच.

गबाजी परत येताना रडत होता. "साळूताई, मी बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर केलंस."

"मग पोरं का नाही दिली?"

"आता जाऊन झोप," साळूबाई म्हणाली.

सकाळ झाली. आया पोरांना घेऊन ओढ्यावर आल्या. रेडा नव्हता. तो मोहाखाली महाराजांच्या पोटावर डोकं ठेवून घोरत होता. सगळी सभाच तिथे पसरली होती. गबाजी लांब एका झाडाआड उभा होता, कारण जवळ यायची त्याला बंदी होती.

साळूबाईने हाक मारली, "ए गबा, इकडे ये. तोंड उघड."

त्याने आ केला. तिने वास घेतला. मग सशीण पुढे आली, तिने घेतला. माकडिणीने घेतला आणि नाक मुरडलं, पण ते त्याने सकाळी खाल्लेल्या रानकांद्याच्या वासामुळे.

"काट्या, बस," साळूबाई म्हणाली.

पोरं पाठीवर चढली. गबाजी ओढ्यात उतरला. "गबामामा, जोरात!" काट्या ओरडला, आणि गबाजी आणखी हळू चालू लागला.

तेव्हापासून रोज सकाळी काठावर वास घेतात. मधे एकदा गबाजी पुन्हा तुंब्याकडे घसरला होता. त्या दिवशी साळूबाई म्हणाली, "आज नाही," आणि तो काठावर बसून मोठमोठ्याने रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आ करून उभा राहिला. संध्याकाळी मोहाचा वास सुटला की तो आता साळूबाईच्या बिळाशी जाऊन बसतो. काट्या त्याला पाढे म्हणून दाखवतो. गबाजीला ते दुसऱ्या दिवशी दुपारी समजतात.

सभेने मात्र त्याला अजून परवानगी दिलेली नाही. सभा शुद्धीवर आली की विचार होणार आहे.

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका, खूप हुशार व्हा. ज्याची अक्कल सावकाश चालते, त्याला तुंबा ढकलावाच लागतो, कारण पिण्यासाठी त्याला दुसरी सबब सुचत नाही. हुशाराला प्रत्येक तुंब्यासाठी नवी सबब सुचते, आणि मग त्याची दारू सोडवायची कुणाची छाती होत नाही.