भोयर काकाजींची पॉपलिन

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये कोणाच्याही घरी सरळ तोंडानं जाता येतं. भोयर काकाजींकडे मात्र पाठमोरं शिरावं लागतं. दार उघडलं की आतून आवाज येतो, "वळा! आधी वळा. तोंड तिकडं!" मग आपण एक हात चौकटीला लावून मागं मागं सरकायचं आणि खुर्ची चाचपत बसायचं. सिलिंडरवाला असाच शिरतो. निवडणुकीत एक उमेदवार आले, तेही असेच शिरले. मत त्यांनी रस्त्याकडे हात जोडून मागितलं.

कारण घरात पॉपलिन असते.

पॉपलिन ही चिवावा जातीची कुत्री. वजन दोन किलो. आधी दोन कान बनवले आणि उरलेल्या मालात कुत्री बसवली, असा सगळा प्रकार. ती कुकरच्या शिटीला घाबरते, भंगारवाल्याच्या भोंग्याला घाबरते, कोणी पापड मोडला तरी सोफ्याखाली जाते. काकाजींचा मुलगा बंगळुरूला असतो. तिथल्या घरमालकाला कुत्री चालली नाही, म्हणून तिची रवानगी नागपूरला झाली. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. घरात काकाजी एकटे, त्यात हा थरथरता जीव.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हिला माणसांची सवय करा. रोज नवी माणसं दाखवा." काकाजींनी चौतीस वर्षं गांधीबागेतल्या एका दुकानात गादीवर बसून साड्या उलगडल्या होत्या. डॉक्टरांचा सल्ला त्यांनी सरळ दुकानदारीत बसवला. "गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे टक लावून पाह्यलं का ते उठून जाते," ते सांगत. "आपण दुसरीकडंच पाहाचं. मंग ते आपल्या मनानं मालाले हात लावते." इथं गिऱ्हाईक म्हणजे पॉपलिन आणि माल म्हणजे आम्ही सगळे.

त्यामुळे पाहुण्यानं पाठ करून बसायचं, मागे हात न्यायचा आणि तळव्यावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा धरायचा. बोलायचं नाही. काकाजी चालत्या रस्त्यावरून माणसं आणत. "भाऊ, पाच मिनिटं बसून जा न. काम काही नाही, फक्त पाठ पाह्यजे." एक विमा एजंट अर्धा तास भिंतीकडे तोंड करून गप्प बसला आणि पॉलिसी न विकता निघून गेला.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते आणि रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये काम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते, आणि तेच मला नडलं.

"सुमे, तू झूलॉजीवाली न वं?"

"काकाजी, आम्ही बेडूक कापले जी. तेही मेलेले."

"मंग हे त जितं आहे. सोपं जाईन तुले."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी पंधरा मिनिटं मी पॉपलिनला पाठ देऊन बसू लागले. दोन महिने बसले. लॅबमध्ये माझ्या हाताला अंड्याचा वास येतो म्हणून मुली नाक मुरडायच्या. पॉपलिननं कणही उचलला नाही. ती खाई ती फक्त काकाजींच्या हातचं. वाटीत घालून ते न्हाणीत गेले, तरी ती वाटीपुढे उपाशी थरथरत बसे.

काकाजी स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी विचारत, "खाल्लं काय?"

"नाही जी."

"पोळ्यापर्यंत खाल्लं पाह्यजे. दुसऱ्याच्या हातचं खाल्लंच पाह्यजे." घाई काहून, म्हणून विचारलं की कॅलेंडरकडे पाहत आणि दुसरं अंडं सोलायला घेत.

पोळा आला तरी तिनं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. काकाजींनी ठरवलं, रोज एक-एक माणूस दाखवण्यापेक्षा आज ठोक माल दाखवू. त्यांनी चॉकलेटची थाळी मांडली आणि वीसेक पोरांना हुकूम सोडला, "पाठमोरे या रे सगळे!"

पोरं पाठमोरी शिरली. पण दोरीनं ओढलेले बैल तोंड पुढे करूनच आले, घुंगरं वाजवत, चाकं करकरवत. पहिलं पोर खुर्चीला अडखळलं, त्याच्यावर दुसरं पडलं, एका बैलाचं शिंग पडद्यात अडकलं. माणसांची सवय करायची होती, बैलांचं कोणाच्याच ध्यानात नव्हतं. घर शांत झालं तेव्हा पॉपलिन नाहीशी झाली होती.

तासभर शोधलं. शेवटी ती कूलरच्या कोरड्या टाकीत सापडली. काकाजी कूलरपुढे फरशीवर बसले. "चूक झाली वं माय. माहीच चूक झाली." बोलताना त्यांना धाप लागली, हात छातीवर गेला. मी घाबरून पाणी आणलं.

"सोमवारी भरती व्हाचं आहे मले," घोट घेऊन ते म्हणाले. "बायपास आहे. तुह्याच रामदासपेठेत. तीन महिन्यांपासून पुढं ढकलून राहिलो. आता डॉक्टर नाही म्हणते."

"काहून ढकललं जी?"

"पोरगा येईन, पण तो दवाखान्यात बसन. मी नसलो त हिले कोण चारन? उपाशी मरन न ते."

"मी देईन जी."

"तुह्या हातचं खाते कुठं?"

हे बी.एस्सी.त तरी मला शिकवलं नव्हतं.

सोमवारी काकाजी दवाखान्यात भरती झाले. पॉपलिन दाराशी बसली, ती उठेचना. पाणी प्यायली, पण खाल्लं काहीच नाही. मंगळवारी दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि बाबा कागदावर सही नाही करून राहिले. आधी पॉपलिननं खाल्लं काय, ते सांगा म्हणतात."

मी लॅबमधून सुट्टी घेऊन घरी आले. घाबरले होते आणि चिडलेही होते. पाठ करून बसायचं त्राण नव्हतं. सरळ तिच्यासमोर फरशीवर बसले आणि हात पुढे केला. "खाय न वं बाई. तिकडं त्यांचा जीव टांगला आहे आणि तुहे नखरे?" बोलता बोलता मला रडू आलं. पॉपलिन थरथरत उठली. दोन पावलं आली, थांबली, पुन्हा आली. आणि तिनं खाल्लं.

मांडीवरून तिला अलगद खाली ठेवून मी तशीच दवाखान्यात धावले.

"खाल्लं!" दारातूनच सांगितलं.

"तुह्या हातचं?"

"माह्याच. अख्खं अंडं. वरून तळवा चाटला, मग मांडीवर झोपली जी!" निकाल सांगावा तसं मी सगळं सांगत सुटले होते.

काकाजींनी मुलाकडून पेन मागितला आणि सही केली. मला वाटलं, आता हसतील. ते खिडकीकडे पाहत राहिले.

"मले सहा महिने लागले होते," ते म्हणाले.

मुलगा कागद घेऊन नर्सकडे गेला. काकाजींनी तो बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली, मग बोटानं मला जवळ बोलावलं.

"सुमे, मले सुट्टी होईन न, त्या दिवशी सकाळी तिले काही देऊ नको. मी येऊन देईन."