बेचाळिसावे जग

कोणतेही जग निर्माण करण्यापूर्वी पाणी कुणीकडे उतरते हे ठरलेले असावे. बाकी दुःखे मागाहून भरता येतात.

माझी मोठी बहीण निशाताई नागपूरहून तीन दिवसांसाठी गावी आली, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर मला दोन कामे करायची होती. एक, एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज; मुदत रविवारी दुपारी दोनपर्यंत. मला भौतिकशास्त्रच हवे होते आणि त्यासाठी तीन विषयांचा पसंतीक्रम लावायचा होता. दुसरे, एका खेळात जग निर्माण करून त्यात बुटक्यांचे एक गाव वसवणे. अर्ज गंभीरपणे भरायचा असल्याने जग आधी उरकून घ्यावे, असा मी शास्त्रशुद्ध निर्णय घेतला.

या खेळाची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. सुरू होण्याआधीच तो बासष्ट प्रश्न विचारतो: पाऊस किती, डोंगर किती, लोखंड किती, इतिहास किती वर्षांचा, राक्षस किती आणि गावाची लोकसंख्या किती झाल्यावर त्यांनी हल्ला करावा. (राक्षसांना लोकसंख्येची अट असते. आमच्याकडच्या बिबट्यांना नाही.) रानटीपणाचा आकडा मी जवळच्या नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंदाजाने ठेवला आणि बटण दाबणार, तोच बाबा मागे येऊन उभे राहिले.

बाबा, म्हणजे पुनाराम, आमच्या गावतलावाचे पाणकर. धानाच्या कोणत्या शेतात, कोणाच्या बांधीत पाणी कधी जाईल हे ठरवणारा माणूस. आमच्याकडे रीत अशी, की तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडण्याआधी सगळ्यात शेवटच्या बांधीवाल्याचा होकार घ्यायचा.

"हे नदी कोनीकडं जाऊन राहिली?" बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवले.

"खाली, बुटक्यायच्या शहराकडं."

"त्यायले इचारलं का?"

"बाबा, ते अजून जन्मलेच नाही."

"मंग त आताच इचारा लागते. जन्मल्यावर कोन आयकते?"

मला यात तार्किक दोष सापडला नाही. तेव्हापासून नवे जग नकाशावर उमटले, की बाबांचे बोट पाण्याबरोबर डोंगरावरून निघून शेवटच्या बुटक्यापर्यंत जाई. तो कोरडा आढळला, की जग रद्द. रविवार सकाळपर्यंतची आकडेवारी: एकूण जगे ४१. खेळाने स्वतःहून नाकारली १७ (कारण: पुरेसे ज्वालामुखी नाहीत). बाबांनी नाकारली २३. आईने एक.

"रानडुकरं किती टाकले रे यात!" आई म्हणाली होती. "धान कोन राखंल, तू?"

बेचाळिसावे जग मात्र सर्वानुमते मंजूर झाले. पाचशे वर्षांचा इतिहास घडू लागला. दोनशे बाराव्या वर्षी निशाताई बॅग घेऊन दारात आली.

"हिमांशु, फारम भरला का?"

"दोनशे बारा साल झाले ताई, थोडी थांब नं."

"माही गाडी गोंदियावरून आहे, तुह्या इतिहासातून नाही. घड्याळ पाय, दोनले पाच कमी आहेत."

मी इतिहास थांबवला आणि अर्ज उघडला. त्यात ठरवण्यासारख्या गोष्टी तीनच होत्या, आणि संकेतस्थळाने त्या इंग्रजी वर्णक्रमाने आधीच लावून ठेवल्या होत्या. मी तो क्रम तसाच मंजूर केला. (शेवटच्या बांधीवाल्याचा होकार घ्यायचा राहिला. तो मीच होतो.)

मला रसायनशास्त्र मिळाले आहे. वर्ग नियमित होतात. परवा ताईचा मेसेज आला: "तुहं जग अर्धंच होतं, म्हनून पुसून टाकलं. 'तयार जग' असं बटन होतं, ते दाबलं. माहे तीन गावं वसले."

बाबांनी एवढेच विचारले, "शेवटच्याले पाणी भेटते का?"

भेटते म्हणे.

वाचकांनी हसण्यास हरकत नाही. हसून झाल्यावर एका कागदावर आपला विषय, व्यवसाय, राहते गाव आणि जोडीदार एवढे लिहावे आणि प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे नोंदवावे: 'मी लावले' की 'आधीच लावलेले होते'. (मोबाइलची रिंगटोन यात धरू नये. ती आपण पुष्कळ विचार करून निवडली असणार.)