जीभरावांचा ब्रश

जीभरावांची दाढ पहिल्यांदा ठणकली, तेव्हा ते संत्र्याच्या गोळीचा दिवसातला तेविसावा नमुना चघळत होते. गोळ्यांच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी चाखून मान डोलावल्याशिवाय एकही लॉट दाराबाहेर गेला नव्हता. म्हणून सगळे त्यांना जीभरावच म्हणत; खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

"दिवसभर साखर आणि आंबट. दात काय लोखंडाचे आहेत?" बायको म्हणाली. "परवा संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. आणि उद्यापासून प्रत्येक गोळीनंतर ब्रश करायचा."

"अगं, प्रत्येक गोळीनंतर?"

"मग काय, प्रत्येक पगारानंतर?"

जीभरावांनी बायकोचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते ब्रश आणि पुदिन्याची पेस्ट घेऊनच कामावर गेले. पहिल्या लॉटचा नमुना चाखला, फक्कड होता. मग खसाखसा दात घासले, दुसऱ्या लॉटचा नमुना तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू आहे."

पाक करणारे काका झारा घेऊनच आले. "माझा पाक कडू? कारली उकळतो का मी?"

तरी त्यांनी साखर वाढवली. जीभरावांनी घासलं, चाखलं, मान नकारार्थी हलवली. पुन्हा साखर, पुन्हा ब्रश, पुन्हा कडू. दुपारपर्यंत तीन लॉट नापास झाले आणि काकांनी बोलणं टाकलं. शेवटी मालक आले. हे मालक आपल्या कारखान्यातली गोळी कधी तोंडात घालत नसत. सुतार कधी लाकूड खातो का, असं त्यांचं म्हणणं होतं.

"परवा मोठं गिऱ्हाईक माल उचलायला येतंय, आणि तुम्हाला सगळंच कडू?"

"मालक, ही जीभ खोटं बोलत नाही."

"मग उद्या मी स्वतः चाखतो. गोड लागलं, तर दुसरी जीभ बघावी लागेल."

बावीस वर्षांत जीभरावांना दुसरं कामच शिकता आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आणखी मन लावून ब्रश केला.

दुसऱ्या दिवशी मालक सकाळपासून चाखत बसले. उगाच अन्याय नको म्हणून प्रत्येक लॉट दहा-दहा वेळा चाखला. चार वाजता त्यांनी निकाल दिला, "गोड आहे. सकाळी केबिनमध्ये भेटा."

संध्याकाळी जीभराव पडेल चेहऱ्याने दातांच्या डॉक्टरबाईंसमोर बसले.

"चाखून झाल्यावर काय करता?"

"लगेच ब्रश. जोर लावून. पण तेव्हापासून संत्र्याची गोळी कडू लागते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आंबटाने दाताचं वरचं कवच मऊ पडतं. त्यावर लगेच ब्रश म्हणजे ओल्या रंगावर खराटा. आधी पाण्याने चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने. आणि पेस्ट लावून संत्रं कडूच लागणार की!"

जीभरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जीभ निर्दोष होती, काका निर्दोष होते आणि नोकरी तर जाणारच होती.

इतक्यात दार उघडलं. गाल धरून मालक उभे होते. सारखं चाखून जुनी कीड जागी झाली होती.

"बसा मालक, आधी तुम्ही," जीभराव उठले.

"बावीस वर्षं तुम्ही हे कसं सोसलंत हो?" एवढंच मालक बोलू शकले. बाईंनी त्यांच्या तोंडात कापूस भरला आणि यंत्र हातात घेतलं.

जीभरावांनी स्टूल जवळ ओढलं. एरवी मालक बोलायचे आणि जीभरावांच्या तोंडात गोळी असायची. आज प्रथमच उलटं झालं होतं. त्यांनी ब्रश, पेस्ट, काकांचा अपमान, सगळं कबूल केलं. "पहिला लॉट झकास आहे, तोच गिऱ्हाइकाला द्या. चूक माझी. पण चाखायच्या टेबलाशी एक नळ हवा, आणि सहा महिन्यांनी दातांची तपासणी, कारखान्यातर्फे. आणि मालक... दुसरी जीभ नका बघू. हीच राहू द्या."

मालकांनी डोळे मोठे केले. यंत्राकडे पाहिलं, मग जीभरावांकडे. आणि हळूच मान डोलावली.

"मान हलवू नका," डॉक्टरबाई ओरडल्या.

पण लॉट पास झाला होता.